हिरव्या दोरीचा काटा

ज्या माणसाने मला फसवलं तो सज्जन आहे, आणि त्याने जे केलं ते माझ्यासाठीच केलं, हे मला मान्य आहे. कुणी समजूत घालायला येणार असेल म्हणून आधीच सांगून ठेवते. मान्य असूनही माझा राग गेलेला नाही, आणि या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. ठाकुर्लीत त्याची बिल्डिंग आली की मी रिक्षात मान दुसरीकडे वळवते. रिक्षावाल्याला त्याचं काय, पण मला बरं वाटतं.

मी ठाकुर्लीच्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. घर कोपरला. स्वभावाने तापट आहे. पोरं मागून मला ‘लवंगी’ म्हणतात. फटाक्यांच्या माळेतली, मसाल्यातली नव्हे. हे मला स्टाफरूममध्ये कुणीतरी मोठ्या आनंदाने सांगितलं होतं. मी त्यावरही तडतडले होते.

माझं माहेर ठाण्याचं, वर्तकनगरच्या वसाहतीतलं. वडील कारखान्यात फिटर होते. आमच्या घरात एक लोखंडी कपाट होतं, ते हलवायचं झालं की ते कुणाला हाक मारत नसत. पहार माझ्या हातात द्यायचे, खाली एक वीट सरकवायचे आणि बाजूला उभे राहायचे. वीट कुठे ठेवली तर कपाट उचललं जाईल, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. मी आठ वर्षांची होते. विटेची जागा चारदा बदलली आणि पाचव्या वेळी कपाटाचा पाय जमिनीवरून सुटला. तो क्षण मला अजून हातात जाणवतो. पुढे मी शिक्षिका झाले ती त्या कपाटामुळे, असं मी दरवर्षी नववीच्या पहिल्या तासाला सांगायचे.

म्हणून मी बल, कार्य आणि ऊर्जा फळ्यावर शिकवायची नाही. टेबलावर शिकवायची. भिंत ढकलायला लावायची, पोरं घामाघूम व्हायची, आणि मी म्हणायची, “कार्य किती? शून्य. भिंत हलली का?” मग हशा. रबर ताणून बाकावरची खोडरबरं उडवायची, ओल्या वाळूत वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या टाकून खड्डे मोजायचे. पण या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे माझी फळी.

एक मीटर लांबीची सागवानी फळी, तिचं एक टोक चाळीस सेंटिमीटर उंच ठोकळ्यावर. एक लाकडी गाडी, तिच्यात वाळूची शिवलेली पुरचुंडी, सगळं मिळून वजन बरोबर पाच न्यूटन. एका गटाने गाडी ताणकाट्याला अडकवून सरळ वर उचलायची. ताणकाटा म्हणजे आत स्प्रिंग, खाली अडकवायचा हूक आणि बाजूला मापाची पट्टी असलेला साधा काटा. दुसऱ्या गटाने तीच गाडी फळीवरून हळूहळू वर ओढायची. उचलणाऱ्यांना पाच न्यूटन बल लागायचं, चाळीस सेंटिमीटर. ओढणाऱ्यांना दोनच न्यूटन, पण एक मीटर. गुणाकार करा. इकडे दोन ज्यूल, तिकडेही दोन ज्यूल.

आता विज्ञानाच्या माणसाला इथे शंका यावी. चाकं घासतात, फळी घासते, ओढताना थोडं जास्त लागायलाच हवं. मलाही सुरुवातीला आली होती. पण माझ्या टेबलावर ते घर्षण जवळपास गायब व्हायचं, आणि त्याचं श्रेय मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांना द्यायचे. मामा फळीला मेण लावायचे, चाकांत तेलाचा थेंब सोडायचे. दुसऱ्या शाळांतले शिक्षक म्हणायचे, आमचं उत्तर दोन पॉइंट चार येतं, तुमचं दोन कसं? मी म्हणायची, आमच्याकडे मामा आहेत.

मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. ठाकुर्लीच्याच जुन्या आगरी गावातले. त्यांच्या लहानपणी जिथे भातशेती होती तिथे आता सोळा मजले आहेत, आणि त्यातल्या सहाव्या मजल्यावर मामा राहतात. शाळेत सगळे त्यांना मामा म्हणायचे. माझ्यासाठी मात्र ते खरेच भावासारखे झाले. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात आठ दिवस डबा मामींनी पाठवला. भाऊबीजेला मामा कोपरला यायचे, ओवाळून घ्यायचे, आणि ओवाळणी म्हणून हमखास स्वतः बनवलेली वस्तू आणायचे. कधी पाट, कधी किसणीची लाकडी चौकट. हात असा होता त्यांचा की मोडलेलं काही त्यांच्यासमोर मोडकं राहायचं नाही.

टेबल मांडायचं काम त्यांचं. तास सुरू व्हायच्या आधी फळी, गाडी, ठोकळा आणि दोन ताणकाटे जागच्या जागी. एका काट्याला लाल दोरी बांधलेली, दुसऱ्याला हिरवी. लाल उचलायला, हिरवा ओढायला. गोंधळ नको म्हणून, असं मामा म्हणाले होते, आणि मला ते आवडलं होतं. मी पोरांना आधी दोन्ही काटे शून्यावर आहेत ना ते तपासायला लावायची. असायचे. सतरा वर्षांत मी ते काटे एकदाही बदलून पाहिले नाहीत. वर्गात पहार देऊन बाजूला उभी राहणारी मी, माझ्याच टेबलावर कधी वीट हलवली नाही. हे आज लिहिताना सोपं वाटतं.

एका मुलीने मात्र मला ते सुचवलं होतं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतली मुलगी, कोपरच्या पलीकडे खाडीकडे राहणाऱ्या कोळ्यांची. आई डोंबिवली पश्चिमेच्या बाजारात मासळी विकायची. मुलगी फार बोलायची नाही, पण हात लावल्याशिवाय तिला काही पटायचं नाही, आणि म्हणून ती माझी लाडकी होती. त्या दिवशी दोन ज्यूल आलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि ही टेबलापाशी तशीच उभी. दोन्ही काट्यांचे हूक बोटाने हळूच खेचून पाहत होती.

“बाई,” ती म्हणाली, “हिरवावाला हलकं ओढलं तर हलतच नाही. लालवाला हलतो.”

मी म्हटलं, जुना आहे, जाम झाला असेल.

“तसं नाय बाई. माझी आई बोलते, हलक्या मालाला जो काटा हलत नाय, तो बांधलेला असतो. कोणीतरी आतून बांधून ठेवतं. आपण दोघं बदलून बघूया का? लाल ओढायला, हिरवा उचलायला?”

वर्गात कुणीतरी हसलं. मामा दाराशी स्टूलवर बसले होते. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मासळीबाजारातल्या मापातल्या चोरीची भाषा ही पोर माझ्या टेबलाला लावते, आणि तेही मामांच्या तोंडावर! मला तिचा प्रश्न ऐकूच आला नाही. ऐकू आला तो आरोप.

“मामांनी काटा बांधला, असं म्हणायचंय तुला?”

“मी मामांचं नाव नाय घेतलं बाई.”

“टेबल कोण मांडतं? मामाच ना? मग? जा, त्यांची माफी माग.”

ती जागची हलली नाही. मी पुन्हा म्हटलं, आवाज चढवून. चाळीस पोरं बघत होती. मग ती दाराशी गेली, मामांसमोर उभी राहिली आणि “सॉरी मामा” म्हणाली. मामांनी मान हलवली. नुसती हलवली. मी त्यावेळी मनात म्हटलं, बघा, किती मोठ्या मनाचा माणूस.

त्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मी दुसऱ्या मुलीला पाठवलं. ही पुढे दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होती. प्रश्न विचारायची नाही. प्रयोगवहीत उत्तरं बरोबर असायची, अक्षर सुरेख, आणि मी शेरा मारायची, ‘प्रगती चांगली’.

मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, हल्ली येत नाही. त्यामुळे दीड वर्षापूर्वी नववीचा तास आला तेव्हा टेबल मीच मांडलं. काटे कपाटातून काढले, घाईत होते, आणि हिरवा उचलणाऱ्या गटाला दिला, लाल ओढणाऱ्यांना. शून्य तपासलं. दोन्ही शून्यावर.

उचलणाऱ्यांचं आलं चार पॉइंट सहा. ओढणाऱ्यांचं दोन पॉइंट चार. इकडे एक पॉइंट चौऱ्याऐंशी ज्यूल, तिकडे दोन पॉइंट चार. जमेना. मी चाकांत तेल सोडलं, फळी पुसली, पुन्हा ओढायला लावलं. तेच. आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी अगदी सहज, मदत करायच्या सुरात म्हणाली,

“बाई, दोऱ्या उलट्या लागल्यात. हिरवावाला ओढायला असतो. मग दोन येतं.”

“तुला कसं माहीत? तुमचा तर हा पहिलाच तास.”

“माझी ताई या शाळेत होती ना. तिने सांगितलेलं.”

“काय सांगितलेलं?”

ती गडबडली. मागून एकजण म्हणाला, “बाई, सगळ्यांना माहितीय. हिरव्याने ओढायचं, दोन लिहायचं, मग टाळ्या वाजवायच्या. नाहीतर बाई चिडतात.”

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्या पोरांच्या तोंडावर माझ्याविषयी काळजी होती, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं ऐकू येण्याचं यंत्र बंद पडलं की दिसते तशी. किती वर्गांनी टाळ्या वाजवल्या असतील, याचा मी हिशोब केला नाही, करवला नाही. मी दरवर्षी ज्या टाळ्यांची वाट बघायची, त्या मला सांभाळून घेण्यासाठी होत्या. टाळ्या थांबल्या की मी त्यांना कपाटाची गोष्ट सांगायची, आणि ती बिचारी ऐकायची.

संध्याकाळी काटा घरी आणला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेचकसाने उघडला. आत काम सुबक होतं, ते कुणाच्या हातचं हे सांगायला नको. स्प्रिंग आधीच थोडी ताणून बारीक काळ्या दोऱ्याने बांधली होती, आणि आकड्यांची पट्टी तेवढीच खाली सरकवली होती. म्हणजे रिकामा काटा शून्यावरच दिसणार. पण पहिली थोडी ओढ तो दोराच पेलणार, पट्टीला कळणार नाही. बरोबर घर्षणाएवढी. गाठ मारून वर लाखेचा थेंब टाकला होता, सुटू नये म्हणून. दरवर्षी नवीन टाकत असावेत, कारण लाख जुनी वाटत नव्हती. मी ओट्याशी उभी राहून रडले. मग दुधाचं भांडं आपटलं, ते आधीच आपटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तशीच मामांकडे गेले. मामी चहा टाकायला आत गेल्या. मी काटा टीपॉयवर ठेवला, उघडलेला. मामांनी तो बघितला, आणि चष्मा काढून पुसत बसले.

“का केलंत?”

“बाई, त्या वर्साला सायेब आलता तपासनीला,” ते म्हणाले. “तुमी नव्या व्हत्या. तुमची फली तीनदा चुकली. सायेब बोलला, मुलांना चुकीचा शिकवताव. मंग तुमी लॅबमदी एकट्या रडत व्हत्या. मना बघवला नाय.”

मला तो साहेब आठवत होता. रडल्याचं मात्र मी विसरले होते.

“दुसऱ्या दिशी सायेब परत येनार व्हता. येकाच दिसासाठी केलता, बाई, देवाशप्पत. पन दोन आला, आनि तुमी इतक्या खूश जाल्या. घरी पेढे घेऊन आलत्या. मंग कसा सांगू?”

“सतरा वर्षं?”

“दरसाल वाटायचा, आवंदा गाठ सोरवू. पन तुमी सगल्यांना सांगत फिरायच्या, आमच्याकडं मामा हायेत.”

हे ऐकून माझं मन विरघळायला हवं होतं. थोडं विरघळलंही, खोटं कशाला सांगू. पण मी ज्यासाठी आले होते तो प्रश्न तसाच होता.

“आणि ती मुलगी? खाडीकडची? तिला मी तुमची माफी मागायला लावली. तेव्हा तरी बोलायचं होतंत. तुम्ही मान हलवलीत, मामा.”

आत चहा उकळून वर आल्याचा आवाज झाला.

“तवा बोललो असतो तं पोरांसमोर तुमची मान खाली गेली असती.”

“आणि तिची गेली ती?”

“लहान व्हती ना बाई. मना वाटला, इसरल.”

मी चहा न घेता उठले. दारात मामी कप घेऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडेही मी बघितलं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं लिफ्टमध्ये सहा मजले उतरेपर्यंत घोकत होते. त्या वर्षी भाऊबीजेला मामांचा फोन आला. मी उचलला नाही. यंदाही नाही.

वर्गाला मी खरं सांगितलं. काटा उघडून सगळ्यांच्या हातात फिरवला, फळी पुन्हा एकाच काट्याने मोजली, आणि जास्तीचं पॉइंट चार कुठे गेलं ते शोधायला लावलं. एका मुलीने चाकाला हात लावला आणि म्हणाली, किंचित गरम लागतंय. लागलं असेल किंवा तिला वाटलं असेल, पण पोरं तासभर त्या चाकाला चिकटून होती. उत्तर जुळण्यापेक्षा न जुळणंच त्यांना जास्त आवडलं. तो माझा सगळ्यात चांगला तास होता, आणि तो मला सतरा वर्षं घेऊ दिला गेला नाही. यासाठीही मी मामांवर चिडले.

मामांवर चिडणं मला सोयीचं होतं, हे हळूहळू लक्षात आलं. फसवली गेलेली बाई म्हणून मी दीड वर्ष ताठ मानेने फिरले. पण काटा मामांनी बांधला होता. ‘बदलून बघूया का’ या प्रश्नाला ‘माफी माग’ हे उत्तर मामांनी दिलं नव्हतं. ते माझं होतं. घर कोपरला, आणि डोंबिवली पश्चिमेचा मासळीबाजार चालत जाण्याच्या अंतरावर, तरी मी इतके दिवस मासे दुसरीकडून आणत होते. का, ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी गेले. तिची आई अजून तिथेच बसते. शेजारी ती होती, कोळंबी साफ करत. ओळखायला वेळ लागला नाही. अकरावीला कॉमर्स घेतलं, एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, रविवारी आईला हात देते, असं तिनेच सांगितलं. हात ओले होते म्हणून कोपराने केस मागे सारले आणि आईला म्हणाली, “आय, आमच्या सायन्सच्या बाई.” आईने मला बसायला पाट दिला. मी बसले नाही. घरून निघताना वाक्य ठरवलं होतं: सगळ्यांसमोर माफी मागायला लावली होती, म्हणून सगळ्यांसमोर मागायला आले आहे. साधं वाक्य, आरशासमोर म्हणून पाहिलेलं.

“नववीतली फळी आठवते का गं?” मी विचारलं.

“हिरवा काटा,” ती लगेच म्हणाली. कोळंबी सोलणं थांबलं नव्हतं.

“तुझं बरोबर होतं. तो बांधलेला होता. आतून.”

“माहितीय बाई. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बदलून बघितला मी. मैत्रिणींना दाखवला.”

म्हणजे सगळ्या वर्गांना ठाऊक झालं ते असं. एवढी पोरं जाणत होती, एवढी वर्षं, आणि सुरुवात हिच्यापासून. माझ्या डोक्यात पुन्हा तीच तिडीक गेली, आणि ठरवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. माझ्या तोंडून वर्गातलाच आवाज निघाला, चढलेला, शेजारची गिऱ्हाइकं वळून बघतील असा:

“मग मला का नाही सांगितलंस?”

तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात, जरा नवल होतं.

“सांगितलेलं ना, बाई.”